कर्मचारी कॉलनीतील धुळीचा अधिकृत स्रोत

खैरटोला नगरपंचायतीच्या हद्दीतील कर्मचारी कॉलनीत राहणाऱ्या सौ. गोदावरीबाई भोजराव लांजेवार यांना मागील दिवाळीपासून श्वास घेण्यास त्रास होत होता. श्वास सोडण्यास त्रास नव्हता, ही बाब नगरपंचायतीने पुढे विशेष करून नोंदवली.

खैरटोला हे लाखनीच्या पुढे, महामार्गाला खेटून असलेले गाव. ग्रामपंचायतीची नगरपंचायत झाली तेव्हा गावाला एक मुख्याधिकारी, एक घंटागाडी आणि शहराचा दर्जा मिळाला. दर्जा मिळाल्यावर शहराला शोभणाऱ्या गोष्टीही हळूहळू येणारच होत्या. सर्वांत आधी प्रदूषण आले. कॉलनीच्या पूर्वेला श्यामराव हटवार यांची राईस मिल होती. तिच्या बॉयलरमध्ये धानाचा कोंडा जळे आणि काळी राख कॉलनीच्या दोरीवरच्या कपड्यांवर येऊन बसे. पश्चिमेला घनकचरा प्रकल्प होता, म्हणजे एक खड्डा होता, आणि त्यातला कचरा आपोआप पेटत असे. मधून वळणमार्ग जात होता. महामार्गावर पुलाचे काम सुरू असल्यामुळे सगळे ट्रक कॉलनीतून तात्पुरते वळवले होते. हे तात्पुरते इतके जुने झाले होते की त्या वळणावर आता पंक्चरचे दुकान, चहाची टपरी आणि मारुतीचे देऊळ उभे होते, आणि देवळाच्या जीर्णोद्धाराची वर्गणीही सुरू झाली होती.

गोदावरीबाईंचे यजमान भोजराव लांजेवार हे गोसीखुर्द धरण प्रकल्पाच्या कार्यालयातून मोठे बाबू म्हणून निवृत्त झाले होते. बुडीत गावांतल्या लोकांचे अर्ज त्यांनी नोकरीभर स्वीकारले. अर्ज नीट केला तर जगात काहीही होऊ शकते, असा त्यांचा ठाम विश्वास होता, कारण ते नेहमी खिडकीच्या आतल्या बाजूला बसले होते.

भंडाऱ्याच्या डॉक्टरांनी गोदावरीबाईंची छाती तपासली, फोटो काढला, ओढायचा पंप लिहून दिला आणि धुळीपासून दूर राहायला सांगितले. घरी आल्यावर भोजरावांनी तो सल्ला पुन्हा एकदा वाचून दाखवला.

“डॉक्टर म्हणते, धुळीपासून दूर राहा.”

“मग मी कुठं राहू जी?” गोदावरीबाई म्हणाल्या. “धूळ तं घरात राहून राहिली. चिवड्यात जिरं कोणतं अन् राख कोणती, हे मले चाखल्याबिगर समजत नाही. मीच बाहेर निघू का?”

“कोणी बाहेर नाही निघत,” भोजराव म्हणाले. “मी अर्ज देतो.”

नगरपंचायतीत पर्यावरण कक्ष होता. जन्म-मृत्यू नोंदणी आणि पाणीपट्टी यांच्या मध्ये जे टेबल होते, तोच तो कक्ष. त्यावर प्रविण समरित नावाचा तरुण बसे. मुलगा विनम्र होता. त्याने अर्ज दोन्ही हातांनी घेतला, भोजरावांना खुर्ची दिली, पाणी दिले आणि अर्ज परत केला.

“काकाजी, तक्रार कोणाविरुद्ध हाये ते लिहिलंच नाही तुमी.”

“लिहिलं ना. धुळीविरुद्ध.”

“धूळ प्रतिवादी होऊ शकत नाही जी. तिले पत्ता नाही. नोटीस काढली तं चिपकवू कुठं?”

भोजरावांना हे पटले. स्वतःच्या नोकरीत त्यांनी असे अर्ज याहून किरकोळ कारणांसाठी परत केले होते. “मग धूळ कोणाची हाये, ते तुमीच शोधा,” ते म्हणाले.

“शोधू ना काकाजी. त्याच्यासाठी समिती लागते.”

समिती झाली. वॉर्डातील धूलिकणांचा स्रोत निश्चित करणे, एवढेच तिचे काम होते. अध्यक्षपदी उद्योग क्षेत्राचे प्रतिनिधी म्हणून राईस मिलचे श्यामराव यांची निवड झाली. समितीच्या बैठकांचा चहा मिलमधून येणार होता, त्यामुळे या निवडीला विरोध झाला नाही. रस्तेविषयक जाणकार म्हणून वळणमार्गाचे कंत्राटदार बाबुलाल यांना घेतले. महिलांच्या आणि नागरिकांच्या वतीने शेजारच्या विमलाबाई कापगते आल्या. त्यांचा मुलगा मिलमध्ये सुपरवायझर होता. भोजराव तक्रारदार म्हणून सदस्य झाले आणि प्रविण सचिव झाला. ज्यांचा धुळीशी संबंध नाही असा एकही माणूस समितीत नव्हता, त्यामुळे तिच्या अनुभवाबद्दल शंका घ्यायला जागा राहिली नाही.

जिल्ह्याच्या आदेशाने नागपूरहून तृप्ती मॅडम नावाच्या एक शास्त्रज्ञ बाई यंत्र घेऊन आल्या. त्यांनी यंत्र मिलजवळ ठेवले, चौकात ठेवले, कचऱ्याच्या खड्ड्याजवळ ठेवले. यंत्र हवा ओढून घेई आणि तिच्यात किती बारीक धूळ आहे तो आकडा लाल अक्षरांत दाखवी. अक्षरे हिरवी होण्याचीही सोय होती, पण खैरटोल्यात तिचा उपयोग झाला नाही. जमलेली धूळ मॅडम नागपूरला घेऊन गेल्या, तिची तपासणी केली आणि अहवाल घेऊन परत आल्या. अहवाल एका पानाचा होता. वळणमार्गाची धूळ चौतीस टक्के, राईस मिलची राख एकतीस टक्के, कचऱ्याचा धूर बावीस टक्के, उरलेले इतर.

श्यामरावांनी तो चष्मा लावून वाचला.

“मॅडम, याच्यात बहुमत कोणाले हाये?”

“बहुमत?” मॅडम म्हणाल्या.

“चौतीस टक्के म्हणजे अल्पमतच झालं. छासष्ट टक्के धूळ बाबुलालच्या विरोधात हाये. माह्या विरोधात तं एकोणसत्तर. पन्नासच्या वर एक बी नाही. मग समितीनं ठराव कोणाच्या नावानं घ्यावा?”

भोजरावांनी बोट वर केले. “तिघाइची मिळून सत्त्याऐंशी होते ना अध्यक्ष महोदय.”

“मिळून कायले म्हणता जी? युती झालीच नाही आमची. मी अन् बाबुलाल तं एकमेकाशी बोलत बी नाही.”

श्यामरावांनी पुढे केलेल्या बशीतले बिस्कीट चहात बुडवत बाबुलालने मान हलवून याला दुजोरा दिला.

“स्रोत शोधणं ही निवडणूक नाही,” तृप्ती मॅडम म्हणाल्या. “रस्त्यावर रोज पाणी मारा. मिलच्या धुराड्याला राख अडवणारी यंत्रणा बसवा. कचरा पेटवू देऊ नका. बस, एवढंच करायचं आहे.”

प्रविणने इतिवृत्तात लिहिले : ‘मॅडमच्या मते फारसे काही करण्याची आवश्यकता नाही.’ मॅडमचा शाल आणि श्रीफळ देऊन सत्कार करण्यात आला. यंत्र मात्र पुढील अभ्यासासाठी समितीकडे राहिले.

यानंतर समितीने एकेक स्रोत काळजीपूर्वक तपासला. बाबुलालने स्पष्ट केले की वळणमार्गाचे काम अपूर्ण आहे, अपूर्ण रस्ता कागदोपत्री रस्ता नसतो, आणि जो रस्ताच नाही त्याची धूळ असू शकत नाही. जे उडते आहे ते बांधकामाचे साहित्य आहे. “माहा मुरूम हाये तो,” तो भावनावश होऊन म्हणाला. “मी टाकतो अन् लोकाइच्या घरात जाऊन राहिला. नुकसान कोणाचं झालं, सांगा बरं. मी कधी मागायले आलो का कोणाच्या घरी?” समितीने त्याच्या मोठ्या मनाची नोंद घेतली. श्यामरावांनी दाखवून दिले की राख कोंड्याची, कोंडा धानाचा आणि धान शेतकऱ्याचे. कॉलनीत असा एक तरी माणूस आहे का, ज्याच्या घरी गावाकडच्या धानाच्या बांधीतला तांदूळ येत नाही? “तुमी भात सोडा, मी मिल सोडतो,” ते म्हणाले. भात सोडण्याच्या बाजूने कोणी हात वर केला नाही. कचऱ्याबाबत प्रविणने खुलासा केला की नगरपंचायत कचरा पेटवत नाही, तो स्वतः पेटतो. शिवाय नगरपंचायतीने स्वतःला नोटीस द्यायची, तर ती देणारे आणि घेणारे मुख्याधिकारी एकच असल्याने पोचपावतीवर सही कोणी करावी, असा प्रश्न उभा राहतो.

“विमलाबाई, तुमाले काही म्हणायचं हाये का?” श्यामरावांनी विचारले.

विमलाबाईंना खोकला आला होता. तो आवरून त्या म्हणाल्या, “मी काय म्हणू भाऊजी? पोरगा तुमच्याकडं नोकरीवर हाये. अन् धूळ तं आपण लहानपणापासून खाऊनच राहिलो.”

आता तिन्ही मोठे स्रोत निकाली निघाले होते. तरी चौकातला आकडा लालच होता. तेवढ्यात वीजबिल थकल्यामुळे चौकातली वीज तोडण्यात आली आणि यंत्र बंद पडले. समितीपुढे ते कुठे लावावे असा प्रश्न आला. श्यामराव म्हणाले की मिलमध्ये त्याला त्रास होतो. बाबुलालच्या मते रस्त्यावर त्याला ट्रकचा धोका होता. भोजरावांच्या ओसरीवर मात्र प्लग होता आणि ते तक्रारदार होते. त्यांनी आनंदाने होकार दिला. सरकारी यंत्र आपल्या घरी येते आहे, याचा त्यांना अभिमान वाटला. गोदावरीबाईंनी यंत्राला हळद-कुंकू लावले आणि रोज सकाळी ओल्या फडक्याने त्याचे तोंड पुसू लागल्या. इतर ठिकाणी धुळीने गुदमरून दोनदोन दिवस निजून राहणारे यंत्र लांजेवारांच्या ओसरीवर चोख काम करू लागले. इतके चोख काम त्याच्याकडून कोणी अपेक्षिले नव्हते.

प्रविण रोज येऊन आकडे उतरवून नेई. काही दिवसांतच त्याच्या लक्षात आले की दररोज सकाळी एका ठरावीक वेळेला आकडा एकदम दुप्पट होतो. संध्याकाळी पुन्हा तसेच होते. त्याने अध्यक्षांना कळवले. दुसऱ्या दिवशी सकाळी समिती खुर्च्यांसह लांजेवारांच्या अंगणात येऊन बसली.

गोदावरीबाईंनी तोंडाला पदर बांधला, झाडू घेतला आणि नेहमीप्रमाणे अंगण झाडायला सुरुवात केली. आकडा वर चढू लागला. श्यामराव उठून उभे राहिले.

“वहिनी, थांबा बरं.”

त्या थांबल्या. आकडा खाली आला.

“झाडा.”

त्या झाडू लागल्या. आकडा चढला.

“थांबा.” श्यामरावांनी एक दीर्घ उसासा सोडला. “भोजरावजी, माफ करा. आमच्या मनात नव्हतं. पण सापडला.”

“काय सापडलं जी?” गोदावरीबाई झाडू धरून तशाच उभ्या होत्या.

“स्रोत,” प्रविण हळूच म्हणाला.

समजायला त्यांना थोडा वेळ लागला. समजले तेव्हा त्या हसल्या, पण हसू छातीत अडकले आणि खोकल्याची मोठी उबळ आली. उबळ थांबल्यावर त्या म्हणाल्या, “अरे बाप्पा, हे धूळ माह्या घरची हाये का? मी पैदा केली का? तुमच्या ट्रकनं आणली, तुमच्या मिलनं आणली. मी तं बाहेर काढून राहिली!”

“काकू, ट्रकनं आणली असन,” बाबुलाल समजुतीच्या सुरात म्हणाला, “पण तो ठेवून निघून गेला ना. उचलली कोणं?”

प्रविणने नियम सांगितला. खाली पडलेली धूळ ही हवा नाही, जमीन आहे. आणि जमीन महसूल विभागाकडे येते. तीच धूळ उडाली की पर्यावरण कक्षाकडे येते. त्यामुळे आणणारा कोण हा प्रश्न कक्षाच्या अखत्यारीत नाही. उडवणारा कोण, एवढेच पाहायचे.

“अन् ट्रक उडवते ते?”

“ट्रक थांबत नाही काकू. स्रोत एका जागी पाहिजे. त्याले घर नंबर पाहिजे.”

इतके दिवस धुळीला पत्ता नव्हता. आता तिला पत्ता मिळाला होता, आणि तो भोजरावांच्या फाटकावर पितळी अक्षरांत लिहिलेला होता.

त्या दुपारी भोजराव समितीच्या बैठकीहून परत आले तेव्हा गोदावरीबाईंनी चहा ठेवला होता. दोघे ओसरीवर बसले. रस्त्यावरून धानाची पोती लादलेला ट्रक गेला आणि कपातल्या चहावर साय आल्यासारखा एक थर जमला.

“तुमी सही केली?” गोदावरीबाईंनी विचारले.

“सही नाही जी. फक्त ‘अवलोकन केले’ म्हणून. स्रोत निश्चित झाल्याबिगर तक्रार दाखलच होत नव्हती. आता ते दाखल झाली. आता कारवाई होईन.”

“कोणावर?”

भोजरावांनी कप खाली ठेवला. एवढ्या साध्या प्रश्नाकडे आपले लक्ष कसे गेले नाही, हे त्यांना कळेना.

“माह्यं तुमी आयुष्यभर अवलोकनच केलं,” गोदावरीबाई म्हणाल्या आणि कप उचलून आत गेल्या.

कारवाई तत्परतेने झाली. गोदावरीबाईंना अंगण, ओसरी आणि घराच्या आतील भाग झाडण्यास मनाई करण्यात आली. नोटीस चिकटवायला प्रविण स्वतः आला. त्याने आधी त्यांच्या तब्येतीची चौकशी केली, पंप वेळेवर ओढायला सांगितले आणि मग फाटकाला डिंक लावला.

आठवडाभरात लांजेवारांच्या घरात चालणाऱ्याच्या पावलांचे ठसे उमटू लागले. भोजराव ओल्या फडक्याने पुसायचा प्रयत्न करीत. पण नळ एक दिवसाआड येई आणि धूळ रोज येई. कॉलनीतल्या इतर घरांना मनाई नव्हती. ते सारे पहाटे आपापली अंगणे झाडत आणि झाडलेले लांजेवारांच्या फाटकाशी आणून टाकत. याच्यात कोणाचाही वाईट हेतू नव्हता. अधिकृत स्रोत तिथेच असल्यामुळे धूळही तिथेच असणे नियमाला धरून होते. एकदा भोजरावांनी विमलाबाईंना सूपभर कचरा टाकताना पाहिले. विमलाबाई ओशाळल्या.

“भाऊजी, मी आधी टाकत नव्हती,” त्या म्हणाल्या. “सगळे टाकून राहिले, तं माह्याच घरचा कायले राहू देऊ?”

गोदावरीबाईंची तब्येत खालावली. दोन वाक्ये बोलून त्यांना थांबावे लागे. स्वयंपाक करताना मध्येच भिंतीला हात लावून उभ्या राहत. शेवटी त्यांचे भाऊ तुलाराम तुमसरपलीकडच्या नाकाडोंगरीहून गाडी घेऊन आले. त्यांनी फाटकावरची नोटीस वाचली, बहिणीकडे पाहिले, आणि भोजरावांकडे पाहायचे टाळले.

“बाई, चाल माह्यासंग. तिकडं जंगल हाये. पाचोळा पडते, वारा उडवते, कोणी नोटीस देत नाही.”

जाताना गोदावरीबाईंनी एकच सांगितले : यंत्राचे तोंड पुसत जा. भोजराव होय म्हणाले. पण त्या दिवसापासून यंत्राकडे पाहिले की त्यांना इतका राग येई की त्यांनी त्याला हात लावला नाही. एकटा माणूस, खिचडी करून खात होता. यंत्राची सेवा त्याच्याकडून झाली नाही.

न पुसलेल्या यंत्राच्या तोंडात धुळीचा बोळा बसला. त्याला हवाच मिळेना. आकडा उतरू लागला. आधी दीडशेवर आला, मग शंभरावर, आणि एके सकाळी खैरटोल्याच्या इतिहासात प्रथमच अक्षरे हिरवी झाली. प्रविण सायकल दामटत मिलमध्ये गेला.

गोदावरीबाई गेल्या आणि हवा शुद्ध झाली. याहून सबळ पुरावा शास्त्रालाही देता आला नसता. जिल्ह्याला कळवण्यात आले. जिल्ह्याने कर्मचारी कॉलनीला स्वच्छ हवेची वसाहत म्हणून गौरवले. चौकात मंडप पडला, श्यामरावांचे भाषण झाले, बाबुलालने फटाक्यांची लांबलचक माळ लावली. धुरात पहिल्या रांगेतले पाहुणे काही वेळ दिसेनासे झाले. विमलाबाईंनी नागरिकांच्या वतीने ढाल स्वीकारली. फोटोत त्यांच्या नाकावर पदर होता. यंत्राने त्या दिवशी आजवरचा सर्वांत चांगला आकडा दाखवला.

जंगलाच्या कडेला राहून गोदावरीबाई सुधारल्या. पंप हळूहळू कमी झाला. एक दिवस त्यांचा फोन आला. “मी येऊन राहिली. तुमी काय खाता, कसे राहता, मले इथं घास जात नाही.”

भोजरावांचा चेहरा कितीतरी दिवसांनी फुलला. त्यांनी ही बातमी विमलाबाईंना कुंपणावरून सांगितली. संध्याकाळपर्यंत कॉलनी त्यांच्या ओसरीवर जमली. श्यामराव आणि बाबुलालही आले. प्रविण रजिस्टर घेऊन आला, कारण स्रोत वॉर्डात परत आणायचा तर रहिवाशांची ना हरकत लागणार होती.

“वहिनीशी आमचं काही वाकडं नाही,” विमलाबाई खोकत म्हणाल्या. “पण आता कुठं हवा सुधरली, भाऊजी. कॉलनीचं नाव झालं. पावणपणाले येऊ द्या, दिवसभर बसू द्या. पण राहायले...” पुढचे शब्द खोकल्यात गेले. त्यांच्या पाठोपाठ आणखी दोघे खोकले, आणि मग सगळी ओसरीच खोकू लागली.

भोजराव खोकला थांबायची वाट पाहत उभे राहिले. “हवा सुधरली?” ते म्हणाले. “विमलाबाई, तुमाले उभं राहवत नाही. श्यामराव, तुमच्या सदऱ्यावर पाहा. हवा कशानं सुधरली, ते मी दाखवतो.”

त्यांनी खांद्यावरचा टॉवेल घेतला. यंत्रापाशी गेले. त्याच्या तोंडातला धुळीचा काळा बोळा बोटाने ओढून काढला, सर्वांना दाखवला आणि टॉवेलने यंत्र स्वच्छ पुसले. यंत्राने मोठा श्वास घेतल्यासारखा आवाज केला. हिरवा आकडा थरथरला, लाल झाला आणि चढत चढत पूर्वीच्याही पुढे गेला.

भोजरावांच्या हातात काळा बोळा होता आणि चेहऱ्यावर, निवृत्तीनंतर प्रथमच, काम तडीस नेल्याचे समाधान होते.

श्यामरावांनी आकडा पाहिला. मग त्यांनी हात जोडले.

“पायलं?” ते लोकांकडे वळून म्हणाले. “वहिनी अजून आल्या बी नाही. नुसतं नाव काढलं, तं एवढा वाढला.”

सगळ्यांनी माना डोलावल्या. प्रविणने रजिस्टर उघडले आणि पेनाचे टोपण काढले. हरकत नोंदवायला रांग लागली.

भोजरावांना बरेच बोलायचे होते. त्यांनी रांगेकडे पाहिले. आयुष्यभर ज्या रांगेला ते आतून पाहत आले होते, तीच ही रांग होती. ते घरात गेले. दोन सदरे, गोदावरीबाईंचे लुगडे आणि चहाचे दोन कप त्यांनी पिशवीत भरले. बाहेर येऊन दाराला कुलूप घातले, रांगेतून वाट काढत फाटकाबाहेर पडले आणि तुमसरकडे जाणाऱ्या गाडीची वाट पाहत वळणावर जाऊन उभे राहिले. जन्मात पहिल्यांदा त्यांनी कोणतीही गोष्ट अर्ज न करता केली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नाकाडोंगरीला पोहोचले तेव्हा गोदावरीबाई भावाचे अंगण झाडत होत्या. त्यांनी वर पाहिले.

“मी येऊन राहिली होती ना. तुमी काहून आले?”

“तिकडं तुह्यासाठी परवानगी लागते,” भोजराव म्हणाले.

“अन् इकडं तुमच्यासाठी?”

“इचारली नाही अजून कोणाले.”

गोदावरीबाईंनी झाडू त्यांच्या हातात दिला. “मग उरलेलं अंगण झाडा,” त्या म्हणाल्या, आणि ओसरीच्या पायरीवर बसून, थांबून थांबून का होईना, हसल्या. भोजराव झाडू लागले. त्यांना ते नीट येत नव्हते. बरीच धूळ उडाली. कोणी काही लिहून घेतले नाही.

इकडे खैरटोल्यात मात्र अडचण निर्माण झाली. पुसून ठेवलेले यंत्र पुन्हा लाल आकडे दाखवू लागले, आणि अधिकृत स्रोत तर वॉर्ड सोडून सहकुटुंब निघून गेला होता. जिल्ह्याला उत्तर द्यायचे होते. श्यामराव, बाबुलाल आणि कचरा यांची चौकशी पूर्वीच पूर्ण झाली असल्याने ती पुन्हा उघडण्याचे कारण नव्हते. तेव्हा प्रविण घरोघर जाऊन विचारू लागला, तुमच्या मोहल्ल्यात धूळ कोणामुळे होते? त्याला वाटले होते लोक कचरतील. पण लोकांनी त्याला बसवून चहा पाजला आणि एकेकाने नाव सांगितले. कोणी वरच्या माळ्यावरून चटई झटकणाऱ्याचे सांगितले, कोणी सकाळी पाणी तापवायला चूल पेटवणाऱ्या म्हातारीचे, कोणी पाने जाळणाऱ्याचे. विमलाबाईंनी पलीकडच्या घरचे नाव सांगितले आणि पलीकडच्या घराने विमलाबाईंचे. पुरावा कोणीच मागितला नाही. नावे मात्र भरपूर जमली आणि प्रत्येक नावाला घर नंबर होता.

प्रयोग यशस्वी झाल्यामुळे तो आता इतर शहरांतही राबवायचे ठरले आहे. तुमच्या दारी असाच एक विनम्र तरुण लवकरच येईल. त्याला ताटकळत ठेवू नका. हे वाचता वाचता तुमच्या मनात शेजारचे एक नाव येऊन गेले आहे, तेवढे सांगा. ते नाव तुमचे स्वतःचे नाही, याची नगरपंचायतीला पूर्ण खात्री आहे. तुमचे नाव तिला शेजाऱ्याने आधीच सांगितलेले आहे.